पुढची पट्टी

विदुला गिरप चार वाजता आली.
परवाना, पिशवी, आणि पिशवीत
टॉवेलात गुंडाळलेलं स्पर्धेचं पिस्तूल.
रिकामं. तरी मी दोनदा उघडून बघितलं,
वडील बघायचे तसं.

"मेस्त्री, पाचव्या गोळयेक मूठ सरकता."

तिने मूठ उताणी करून दाखवली:
चापाखालची पुढची पट्टी,
जिथे मधलं बोट, त्याच्या खालचं आणि करंगळी
एकाखाली एक बसतात.
गुळगुळीत. पुण्याच्या थंडीत चालून जाईल.
इथे वेंगुर्ल्याला वैशाखात
भिंतीलासुद्धा घाम फुटतो.

मी फळीवर पितळेचे तुकडे मांडले.
माझा कॅटलॉग एवढाच.
उभ्या रेघा, पावसाच्या पाण्याने पडाव्या तशा.
चौकडी बारीक, इंचाला तीस.
चौकडी जाड, इंचाला वीस, शेंडे मारलेली.
पोगराने ठोकलेले टिपके, ना ओळ ना शिस्त, कोवळ्या फणसाची साल.
आणि खवले. मागच्या वर्षी काम नव्हतं तेव्हा केलेले.

डोळे मीट, म्हटलं, आणि हात ओला कर.
तिने तो बादलीत बुडवला,
मी तापलं लोखंड विझवतो त्या बादलीत.

बारीक चौकडी: "ही चावता."
फणस: "ह्यो बरो, पण खंय धरलंय ता कळणा नाय."
खवल्यांवर बोट थांबलं,
एका अंगाने लोणी, उलट्या अंगाने करवत,
आणि ती मोठ्याने हसली:
"आवशीन जल्मभर हेच काढल्यान, नि तुमी लावतास?"

मग ती परत बारीक चौकडीवर गेली.
पकड तिचीच चांगली, हे तिलाही कळत होतं.
पण दिवसाला दोनशे गोळ्या,
संध्याकाळपर्यंत बोटं सोलवटणार,
आणि घरी बांगड्याचा तिखला.
"झोंबतलो," ती म्हणाली, नेमबाजीइतक्याच गंभीरपणे.

उरल्या दोन: रेघा आणि जाड चौकडी.
"तुमका कसा वाटता?"

मी अंगठा फिरवला इकडून. तिकडून.
दोन्ही सारख्याच.

तिला सांगितलं नाही, की मार्चमध्ये बँकेत
त्या लाल दिव्याच्या काचेवर
माझा अंगठा चार वेळा नापास झाला.
पोरगा म्हणाला, पुसून ठेवा. पुसला.
म्हणाला, जरा दाबून. दाबला.
मग म्हणाला, आजोबा, रेघाच नाहीत.
अडतीस वर्षं कानस, पॉलिश पेपर, रॉकेल.
इंचाला शून्य.

म्हणून मी शेवरीचा कापूस घेतला,
तुकड्यांवरून हलकेच ओढला.
कापूस काटा दाखवतो, कुठे अजून घासायचं ते दाखवतो.
कोणतं बरं वाटतं, ते त्याला काय विचारणार?

तिने बघितलं असावं.
काही न बोलता माझा हात उलटा केला
आणि पितळ मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं,
बाळाचं दूध गरम आहे का बघतात तिथे.
"हंय कळतला."

कळलं.
रेघांवरून कातडी सरळ खाली निसटत होती.
जाड चौकडीवर थांबली, टोचल्याशिवाय.
"हीच," मी म्हटलं.
"माका आदीच म्हायत होता," ती म्हणाली, आणि निघाली.
रविवारी येणार.

फळीवर तिचा ओला पंजा राहिला होता.
रेघा काय दिसणार लाकडावर, नुसता पंजा.
तो वाळेस्तोवर मी पट्टीला
कपड्यांची नीळ चोपडत बसलो, खुणेसाठी.

पहिली रेघ वाकडी गेली
की मागच्या सगळ्या तिचंच बघून वाकड्या जातात.
ती उजेडात घालायची.
साडेपाच झाले होते.
आमच्याकडे वीज सहाला जाते.